पायाखालची ओल : सारवणापासून रबरापर्यंत

मराठी समीक्षेने घराचा विचार पुष्कळ केला आहे. उंबरठा, माजघर, ओसरी, परसदार, अंगण या जागांना आपण प्रतीकांचा दर्जा दिला. वाड्याच्या पडझडीतून एका समाजव्यवस्थेचा ऱ्हास वाचला. परंतु या साऱ्या जागा ज्या पृष्ठभागावर उभ्या असतात ती भुई मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. ग्रामीण कथेत 'सारवलेली जमीन' हे दोन शब्द वातावरणनिर्मितीसाठी येतात आणि वाचक त्यांवरून पुढे निघून जातो. ती जमीन कोणी सारवली, किती वेळा सारवली, मुळात ती सारवावी का लागते, हे प्रश्न आपण साहित्याचे मानत नाही. हा लेख त्या प्रश्नांचा थोडा मागोवा घेण्यासाठी आहे.

त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे निवडण्याचे कारण आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. जंगल, नद्या, कोळसा, चुनखडी आणि पाऊस यांनी घडलेल्या या प्रदेशात मातीची भुई, दगडी फरशी, सिमेंटचा कोबा, चकचकीत टाइल आणि डांबरी थरावर चिकटवलेले रबर हे सगळे आज एकाच वेळी नांदताना दिसते. इतरत्र शंभर वर्षांत पसरलेला इतिहास येथे एका पिढीच्या पावलांखालून गेला आहे. या इतिहासाला एक समान सूत्र आहे आणि ते म्हणजे ओल. जमिनीतून वर येणाऱ्या ओलीशी माणसाने कसा व्यवहार केला आणि त्या व्यवहाराचे कष्ट कोणाच्या वाट्याला आले, हाच भुईचा इतिहास आहे असे आमचे म्हणणे आहे.

या भागात वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वर्धा, वैनगंगा, इरई, प्राणहिता, इंद्रावती या नद्यांच्या काठची गावे पावसाळ्यात अक्षरशः पाण्यावर बसलेली असतात. उन्हाळ्यात हीच जमीन पंचेचाळीस अंशांच्या वर तापते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. अशा जमिनीवर थेट घर मांडता येत नाही. देवाचे घर मांडायचे झाले तर दगड आणता येतो. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेला मार्कंडा येथील मंदिरसमूह त्याची साक्ष देतो. चंद्रपूरच्या गोंड राजांनी परकोट आणि समाध्या दगडात बांधल्या. सामान्य माणसाची भुई मात्र मातीची राहिली. सागवानासाठी देशभर नाव असलेल्या या जंगलात राहणाऱ्याच्या पायाखाली सागाची फळी कधी आली नाही. २०२३ साली बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत रवाना झाले. पण आलापल्लीच्या जंगलाशेजारच्या झोपडीत आजही माती चोपलेली असते.

ही मातीची भुई 'आपोआप' असते असा एक गैरसमज नागर वाचकात आढळतो. प्रत्यक्षात ती बांधावी लागते. आधी वरची काळी, कुजकट माती खणून काढायची. त्या जागी मुरूम भरायचा. तो एकदम न भरता थराथराने पसरायचा, पाणी शिंपडायचे आणि धुम्मसाने ठोकायचे. भुईची पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा वर ठेवायची, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. मग बारीक चाळलेली माती भिजवून पसरायची, अर्धवट वाळू द्यायची आणि चोपण्याने चोपून घ्यायची. चोपताना घाई झाली तर माती चोपण्याला चिकटून येते, उशीर झाला तर भेगा पडतात. नेमकी वेळ हाताला कळते. ती पुस्तकात सापडत नाही. भेगा बुजवून पुन्हा चोपायचे आणि शेवटी शेणमातीचा पातळ काला हाताने किंवा पोतेऱ्याने अर्धगोलाकार फिरवत सारवायचे. शेणातले गवताचे तंतू मातीच्या कणांना बांधून ठेवतात, पृष्ठभागाची धूळ धरतात. भिंतीचा खालचा पट्टा आणि ओटा यांना बहुधा पांढऱ्या किंवा पिवळ्या मातीचा पोतारा असतो.

या भुईचा तांत्रिक गुण असा की ती ओल अडवत नाही. जमिनीतली ओल वर येते, सारवणाच्या पातळ थरातून बाहेर पडते, हवेत मिसळते. त्यामुळे भुई सुजत नाही, सुटत नाही. तिचा फक्त वरचा थर झिजतो. पण ओल येऊ देण्याची किंमत असते. वरचा थर सतत नवा करावा लागतो. आठवड्याला, पंधरवड्याला, सणाला, पोळ्याला, दिवाळीला, घरात लग्न निघाले की आणि मृत्यू झाला की. म्हणजे ही भुई एकदा केली आणि संपली अशी नसते, ती करत राहावी लागते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ती नाम कमी आणि क्रियापद अधिक आहे.

आणि या क्रियापदाचा कर्ता कोण? मुरूम वाहण्यात आणि धुम्मस मारण्यात पुरुषांचा हात असतो. ते काम घर उभारताना एकदा होते. सारवणे मात्र बाईचे. शेण गोळा करणे, पाणी आणणे, काला करणे, कमरेतून वाकून मागे मागे सरकत घर लिंपणे हे काम मराठी प्रदेशात जवळजवळ सर्वत्र स्त्रीच्या वाट्याला आले. सधन घरात ते मालकिणीऐवजी मोलकरणीकडे गेले, पुरुषाकडे गेले नाही. गडचिरोलीतील माडिया आणि गोंड वस्त्यांमध्येही घराची लिंपण ही प्रामुख्याने स्त्रियांच्याच हातची असते. हे काम कोणत्याही हिशेबात धरले जात नाही, कारण ते केल्याची खूण आठवड्याभरात पुसली जाते.

साहित्याने त्याची नोंद घेतली नसली तरी भाषेने घेतली आहे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) 'सारवणे' या क्रियापदाला स्वतंत्र नोंद आहे. पण कोशातल्या अर्थापेक्षा वाक्प्रचारांत गेलेला अर्थ अधिक बोलका आहे. 'सारवासारव करणे' म्हणजे वरून थर देऊन चूक झाकणे. सारवणाचा थर किती पातळ असतो आणि त्याखाली काय काय दडवता येते, हे रोज पाहणाऱ्या समाजालाच असा शब्द सुचू शकतो. दुसरा वाक्प्रचार 'जिवाचे पोतेरे होणे'. पोतेरे म्हणजे सारवण्याचे फडके. ते भिजते, पिळले जाते, झिजते आणि कोपऱ्यात टाकले जाते. हा वाक्प्रचार घडवणारे मन भुईकडे उभ्याने पाहणारे नव्हते, ते वाकून ती लिंपणारे होते. संत जनाबाईच्या अभंगांत झाडलोट, दळण-कांडण येते आणि त्या कामात विठ्ठल हातभार लावतो, यामागेही हेच मन आहे. आधुनिक ग्रामीण साहित्यात मात्र बहुतेक वेळा सारवलेल्या जमिनीचा गारवा आणि वास उरला, पोतेरे हरवले. लेखकाने आठवणींवर केलेली ही एक प्रकारची सारवासारवच म्हणावी लागेल.

सिमेंट आले ते या पार्श्वभूमीवर. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडीचे मोठे साठे आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही नावे सिमेंटच्या पोत्यांवरून राज्यभर गेली. जिल्ह्यातून सिमेंटच्या वाघिणी बाहेर जात राहिल्या आणि कारखान्यापासून काही कोसांवरची घरे शेणाने सारवली जात राहिली, हा विरोधाभास पुष्कळ वर्षे टिकला. पुढे शासकीय घरकुलांमुळे सिमेंटचा कोबा खेड्यांत पोहोचला. शहरात शहाबादी फरशी, मग मोझॅइक, मग चकचकीत टाइल असा क्रम लागला.

जनगणनेने घराच्या जमिनीचा प्रकार विचारायला सुरुवात केली हे एका अर्थी महत्त्वाचे वळण होते. जी गोष्ट साहित्याने पार्श्वभूमी मानली ती प्रशासनाने प्रश्नावलीत घेतली. २००१ साली भारतातील सुमारे ५७ टक्के कुटुंबांची भुई मातीची होती, २०११ साली ते प्रमाण ४६.५ टक्क्यांवर आले. म्हणजे एकविसाव्या शतकाचे पहिले दशक संपल्यावरही जवळजवळ निम्मा देश सारवत होता.

हे प्रमाण घटावे की नाही, याविषयी हळवे होऊन चालणार नाही. मेक्सिकोतील 'पिसो फिर्मे' म्हणजे 'पक्की भुई' या सरकारी योजनेत गरीब घरांतील मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून देण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण घराची जमीन पक्की झाल्यास लहान मुलांतील पोटातील जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आयांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचेही त्यात नोंदले आहे. रांगणारे मूल भुई तळहाताने आणि तोंडाने वाचत असते. ज्या जिल्ह्यात बालमृत्यू हा दीर्घकाळ सार्वजनिक चिंतेचा विषय राहिला, तेथे सारवणाच्या वासाविषयी लिहिताना हे आकडे समोर असणे बरे.

तरीही सिमेंटच्या कोब्यावर शेणाचा हात फिरवणाऱ्या बाया येथील घरकुलांत दिसतात. याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण सण, शुचिता आणि स्वतःचे घर आपल्या हाताने नवे करण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी त्या हातात असतात. शिवाय कोबा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात घामेजतो. खाली मुरूम नीट ठोकलेला नसेल तर दोन वर्षांत खचतो आणि तडकतो. मातीची भुई तडकली तर घरातली बाई ती बुजवू शकते. कोबा तडकला तर मिस्त्री, सिमेंट आणि रोख पैसा लागतो. पक्केपणाबरोबर दुरुस्तीचे ज्ञान घराबाहेर गेले.

या क्रमातला शेवटचा टप्पा रबराचा. पायाखाली रबर घालण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा वास्तुविशारद फ्रँक फर्नेस याने १८९४ साली एकमेकांत गुंतणाऱ्या रबरी फरश्यांचे एकस्व घेतले. चंद्रपूर भागात रबराची भुई प्रथम आली ती बहुधा शोभेपेक्षा सुरक्षेसाठी. १९८० च्या दशकात दुर्गापूर येथे सुरू झालेल्या औष्णिक विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी विजेच्या पॅनेलसमोर विद्युतरोधक रबरी चटई अंथरणे अनिवार्यच असते. नंतर व्यायामशाळा आल्या आणि मग धावपट्ट्या.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये धावपटू प्रथमच कृत्रिम पट्टीवर धावले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत अशी पट्टी होती. आणि २०२३ च्या डिसेंबरात बल्लारपूरजवळच्या विसापूर येथील क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, त्याही कृत्रिम पट्टीवर. मुरमाच्या रस्त्यावर अनवाणी धावणाऱ्या मुलामुलींच्या प्रदेशात ती आली याचे महत्त्व केवळ सोयीचे नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा लाल मातीच्या आखाड्यात घडलेल्या त्या मल्लाला मॅटवर खेळण्याचा सराव नव्हता. ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मधली चार वर्षे केवळ डावपेचांची नव्हती, नव्या भुईशी ओळख होण्याचीही होती. स्पर्धेची भुई बदलते तेव्हा सरावाची भुई ज्यांच्याकडे जुनीच असते ते आधीच मागे असतात.

रबर चिकटवण्याची रीत पाहिली तर सारवणाशी तिचे नाते आणि विरोध दोन्ही स्पष्ट होतात. बंदिस्त जागेत रबराचे गुंडाळे सिमेंट काँक्रीटच्या थरावर चिकटवतात. काँक्रीट आधी अठ्ठावीस दिवस पाणी मारून पिकवायचे, मग ते वाळू द्यायचे. जुना ठोकताळा असा की दर इंच जाडीला सुमारे एक महिना. म्हणजे चार इंचाच्या थराला चार महिने. वरून कोरडे दिसणे पुरेसे नसते. प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक दिवस तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचले किंवा खालची जागा काळसर पडली, तर जमीन अजून ओली आहे. त्या ओलीबरोबर सिमेंटमधला क्षार वर येतो, चिकटद्रव्य मऊ पडते, रबराला फुगे येतात, कडा उचलल्या जातात. म्हणून काँक्रीट घालण्यापूर्वीच त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून ओलीची वाट अडवतात.

त्यानंतर पृष्ठभाग. सिमेंटची वर आलेली ठिसूळ साय घासून काढायची, तेलाचे आणि रंगाचे डाग खरवडायचे, भेगा भरायच्या, उंचवटे घासायचे, खळगे बुजवायचे आणि धूळ शेवटच्या कणापर्यंत उचलायची. सरळ पट्टी ठेवून सपाटी तपासायची. मैदानी धावपट्टीसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष असा की चार मीटर लांबीच्या पट्टीखाली सहा मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसता कामा नये. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणणाऱ्या भाषेला हे ऐकून मौज वाटेल, कारण येथे अंगणाचे वाकडेपण खरोखरच मोजले जाते. मग दातेरी थापीने चिकटद्रव्य एकसारखे ओढायचे. पंक्चरवाल्याच्या 'सोल्युशन'चा हा दूरचा भाऊबंद. ते ठरलेल्या वेळेतच कामाला येते, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती वेळ आणखी आखडते. आदल्या दिवशीच उलगडून ठेवलेले रबर त्यावर बसवायचे, जड रूळ फिरवून खालची हवा काढायची आणि एक-दोन दिवस कोणालाही पाय ठेवू द्यायचा नाही.

खणणे, भरणे, ठोकणे, भेगा बुजवणे, सपाट करणे, थापीने थर देणे, वाळण्याची वाट पाहणे. यातली जवळजवळ प्रत्येक कृती मातीच्या भुईतही होती. धुम्मसाची जागा रुळाने घेतली, हाताची जागा दातेरी थापीने. भेद आहे तो ओलीशी असलेल्या नात्यात. सारवणाची भुई ओलीला वाट देते आणि त्याबदल्यात रोजचे श्रम मागते. चिकटवलेली भुई ओलीची वाट बंद करते आणि त्याबदल्यात सगळे श्रम एकदाच, आधीच, आणि न चुकता मागते. तिच्या बाबतीत सारवासारव चालत नाही. खालच्या थरात घाई झाली असेल तर ती पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यात वर येतेच. म्हणून या प्रदेशात पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे महिने या कामाला सोयीचे. मात्र सरकारी कामाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि काँक्रीट स्वतःच्या गतीने वाळते. या दोन कालगणना जुळल्या नाहीत की नवी भुई कडांपासून उखडू लागते, मग दोष रबराला दिला जातो.

श्रमाचेही रूप बदलले, अदृश्यपणा बदलला नाही. रबर बसवणारी टोळी अनेकदा दुरून येते, काम करते आणि निघून जाते. बंद खोलीत चिकटद्रव्याचा वास घेत गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्याचे नाव उद्घाटनाच्या कोनशिलेवर नसते. आणि रोजची पुसणी अजूनही बहुधा स्त्रीच करते, फक्त आता ती कंत्राटी सफाई कामगार म्हणून नोंदली जाते. शेणाच्या काल्याऐवजी बादलीत फिनेल असते. पण येथे एक महत्त्वाचा फरकही मान्य केला पाहिजे. तिला या कामाचे वेतन मिळते, भले ते अपुरे असो. सारवणाच्या हजार वर्षांत घरातल्या बाईला ते कधीच मिळाले नव्हते.

तेव्हा मातीची भुई सुंदर आणि रबराची भुई परकी, किंवा याच्या उलट, अशी मांडणी आम्हाला अपुरी वाटते. सुंदर म्हणून गौरवलेल्या भुईने बायकांच्या कमरा वाकवल्या आणि लेकरांच्या पोटात जंत घातले, हे खरे आहे. ती दुरुस्त करण्याचे ज्ञान घराघरांत होते आणि आता ते बाजारात विकत घ्यावे लागते, हेही तितकेच खरे आहे. इतिहासकाराला या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून थोडे अधिक करता येईल. वर्गात एखादी ग्रामीण कथा शिकवताना 'सारवलेली जमीन' हे शब्द आले की क्षणभर थांबावे आणि विद्यार्थ्यांना त्या वाक्याचा लुप्त कर्ता शोधायला सांगावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत बसलेल्या अनेक मुलींना तो शोधण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. त्यांच्या आयांनी, आणि कित्येकींनी स्वतः, ते काम केलेले आहे. चोपण्याची नेमकी वेळ, काल्याचा दाटपणा, कोणत्या नाल्याची पांढरी माती चांगली, हे त्यांना ठाऊक असते. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्या स्त्रिया आज वयस्क झाल्या आहेत, आणि ते लिहून घेण्याचे काम मराठी विभागांनी करण्याजोगे आहे.